हक्क आणि सम्यक् : दोहोंना एकच शब्द



आज मी आपल्यापुढे एक साधा इंग्रजी शब्द घेऊन आलो आहे. मी शाळामास्तर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. माझे आजोबा कागदावर अंगठा उमटवीत, वडील चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरात अक्षर इतक्या उशिरा आणि इतक्या कष्टाने आले की एकेक शब्द उलटून-पालटून पाहण्याची मला सवयच लागली आहे. कोणता शब्द कोठून आला, तो कोणी कोणाविरुद्ध वापरला आणि आपल्या कामी कसा येईल, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

शब्द आहे ‘राइट’. आपणां सर्वांच्या तोंडात तो आहे. उत्तर बरोबर आले की पोर म्हणते ‘राइट’. रिक्षावाल्याला आपण सांगतो, पुढून राइट घ्या. काम ठीक झाले की म्हणतो ‘ऑल राइट’. वर्तमानपत्रात ‘राइट’ आणि ‘लेफ्ट’ अशा पक्षांची चर्चा असते. वकील ‘राइट’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हक्क असतो. आणि इंग्रजीतून धम्माची पुस्तके वाचणाऱ्यांना पानोपानी ‘राइट व्ह्यू’, ‘राइट स्पीच’ असे शब्द भेटतात.

मागल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी फळ्यावर देवनागरीत ‘राइट’ असे लिहिले आणि अर्थ विचारले. एक मुलगा म्हणाला, उजवा. दुसरा म्हणाला, बरोबर. तिसऱ्याने सांगितले, लिहिणे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “हक्क, सर. संविधान दिनाला आमच्या विहारात सांगितलं होतं.” मी तिला शाबासकी दिली. पण ती खाली बसेना. तिने विचारले, “सर, बरोबर आणि हक्क याला एकच शब्द कसा? हक्क नेहमी बरोबरच असतो का?”

तास संपला. मी “उद्या सांगतो” म्हणून सुटका करून घेतली. त्या दिवशी मला उत्तर का देता आले नाही, ते पुढे सांगेनच. आधी आपण शब्दाकडे पाहू.

देवनागरीत आपण ‘राइट’ असे एकसारखे लिहितो, पण इंग्रजीत त्या उच्चाराचे तीन निरनिराळे शब्द आहेत. एक लिहिण्याचा, दुसरा धार्मिक विधीचा, आणि तिसरा आपला आजचा. तिघांची अक्षरे वेगळी, कुळेही वेगळी. पण नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांनी तिन्ही ध्यानात ठेवावेत असे आहेत. लिहिण्यापासून आपल्याला शतकानुशतके दूर ठेवले गेले. विधींच्या ओझ्याखाली आपण वाकलो होतो. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली, आणि बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदानासारखे विधी सोडायला सांगितले. तिसरा शब्द उरला, त्याचा मात्र नीट विचार करू.

या तिसऱ्या ‘राइट’चा मूळ अर्थ सरळ. शब्दांची कुळे शोधणारे विद्वान सांगतात की इंग्रजीतील ‘राइट’ आणि संस्कृतातील ‘ऋजु’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले दूरचे भाऊ आहेत. ‘ऋजु’ म्हणजे सरळ. पालीत त्याचे ‘उजु’ झाले, जुन्या मराठीत ‘उजू’ आणि आपल्या बोलण्यात ‘उजवा’. आपण विहारात संघवंदना म्हणतो, तेव्हा संघाला ‘उजुपटिपन्नो’ म्हणतो, म्हणजे सरळ मार्गाने चालणारा. जो शब्द परका इंग्रजी वाटतो, त्याचा भाऊ आपल्या रोजच्या वंदनेतच आहे.

परंतु सरळ या चांगल्या अर्थाच्या शब्दाचे माणसांनी काय केले पाहा. बहुतेक माणसे एका हाताने अधिक काम करतात, म्हणून तो हात सरळ, चांगला आणि मानाचा ठरला. दुसरा हलका ठरला. मग भाषेतही तोच भेद शिरला. श्रेष्ठ ठरला तो ‘उजवा ठरला’. कोणाला बाजूला सारले की त्याला ‘डावलले’. पंक्तीत भेदभाव झाला की ‘डावे-उजवे केले’. हात दोन्ही एकाच देहाचे, रक्तही एकच, तरी एक मानाचा आणि एक हलका! दक्षिणेत, तमिळ आणि कन्नड मुलखात, तर जातींचेच ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ असे तट होते, आणि त्यांच्या भांडणांच्या नोंदी इंग्रज कंपनीच्या मद्रासच्या दफ्तरांतही आहेत. अजूनही डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोराच्या बोटांवर पट्टी मारणारे पालक मी पाहतो. त्यांना मी एवढेच विचारतो: ज्या समाजाने आपल्याला डावलले, त्याचीच पट्टी आपण आपल्या लेकराच्या हातावर का मारावी?

राजकारणातल्या ‘राइट’ची गोष्ट तर साधी बैठकीची आहे. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांतीच्या वेळी राष्ट्रीय सभेत राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत आणि बदल मागणारे डाव्या हाताला. तेथून ‘उजवे’ आणि ‘डावे’ ही नावे जगभर गेली. अशा ठिकाणी ‘राइट’ म्हणजे बरोबर असे समजून चालणे ही शुद्ध फसगत होईल.

आता हक्काकडे येऊ. हा अर्थ आपल्या जिवाचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. पुढे १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला होता. पण तळ्यावर कोण गेले? कोणीच गेले नाही, कारण जाऊ दिले जात नव्हते. २० मार्च १९२७ या दिवशी बाबासाहेब परिषदेतील लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदावरच्या हक्काला ओल आली.

यापुढचा भाग आपण सभेतून फारसा सांगत नाही, पण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही स्पृश्य मंडळींनी कोर्टात दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही ही फार जुनी वहिवाट आहे, आणि त्या वहिवाटीने आम्हाला त्यांना दूर ठेवण्याचा हक्क आहे. पाहिलेत ना? ‘हक्क’ हा शब्द त्यांच्याही तोंडी होता. आम्ही म्हणत होतो पाण्याचा हक्क, ते म्हणत होते पाण्यापासून हाकलण्याचा हक्क. खटला वरवरच्या कोर्टात चढत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. अशी वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे हे त्या मंडळींना सिद्ध करता आले नाही. ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत व्हायला दहा वर्षे लागली.

म्हणजे जो जो स्वतःच्या वागण्याला हक्क म्हणतो त्याचे वागणे बरोबर असतेच असे नाही. बरोबर काय, हे ठरवायचे माप हक्काच्या बाहेर असले पाहिजे. ते माप भगवंतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले आहे. केवळ परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे, किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नका; त्याने कोणाचे अहित होते, कोणाचे हित होते, ते स्वतः तपासा आणि मग स्वीकारा किंवा टाका. महाडची वहिवाट या मापाला लावा. एका क्षणात उत्तर मिळते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. सांगताना मान खाली जाते, पण धम्माच्या पानावर स्वतःला झाकून काय उपयोग?

काही वर्षांपूर्वी वडील वारले. मागे सव्वा एकर कोरडवाहू जमीन. दुसऱ्याच्या बांधावर राबून, पै पै जमवून त्यांनी ती घेतलेली. तेरवी-बिरवी काही केली नाही. बौद्ध पद्धतीने सारे पार पडले, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. मग चुलते आणि दोन-चार जाणती माणसे म्हणाली, “आता बहिणीची सही घेऊन टाक. नंतर कटकट नको.” मी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार करून आणला. धाकटी बहीण सासरहून आली. दहावी शिकलेली, कागद तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाली, “दादा, सही करते मी. माहेर तुटायला नको. पण एक सांग, हे बरोबर आहे का? तू बरोबर म्हणालास तर माझं काही म्हणणं नाही.”

मी म्हणालो, “अगं, रीतच आहे तशी.”

आई चुलीपाशी बसली होती. ती काही बोलली नाही. मीही पुढे बोललो नाही, कारण शब्द तोंडातून निघताच माझा मलाच ऐकू आला होता. ‘रीत आहे.’ महाडच्या त्या मंडळींनी कोर्टात दुसरे काय सांगितले होते? तळ्याची वहिवाट त्यांची, जमिनीची वहिवाट माझी. तेथे आम्ही डावलले गेलो होतो. येथे डावलणारा मी होतो. पदवी माझी, भाषणे माझी, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे चालणारा मी, आणि कागद कोणाचा हक्क सोडवून घेण्यासाठी आणला? माझ्याच आईच्या पोटच्या बहिणीचा!

वाचकहो, कायदा काय सांगतो तेही पक्के माहीत असू द्या. १९५६ चा हिंदू वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्धांनाही लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी, मुलगा आणि विधवा यांचे वाटे समान आहेत. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. आणि हा प्रश्न बाबासाहेबांना किती जिव्हाळ्याचा होता? कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले, आणि १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे बिल रखडवले गेले हे एक ठळक कारण होते. ज्यासाठी बापाने मंत्रिपद सोडले, ते आपण लेकरांनी एका सहीवर गमवायचे काय? कोणी आपखुशीने, समजून-उमजून आपला वाटा सोडला तर कायद्याची ना नाही. पण ‘माहेर तुटेल’ या भीतीने केलेली सही आपखुशीची कशी म्हणावी?

तो मसुदा मी बहिणीसमोरच फाडला. आज सातबाऱ्यावर आईचे, बहिणीचे आणि माझे अशी तीन नावे आहेत. चुलते वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. बहीण दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन आली की बांधावर हिंडते आणि मुलांना सांगते, हे आपलंपण आहे. आता तुम्हाला कळेल, वर्गातल्या त्या मुलीने प्रश्न विचारला तेव्हा माझी जीभ का अडखळली. तो प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले होते.

आता धम्मातील ‘राइट’. पाली भाषेत शब्द आहे ‘सम्मा’, संस्कृतात ‘सम्यक्’. इंग्रजी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘राइट’ निवडला. त्यामुळे काहींना वाटते, सम्यक् म्हणजे परीक्षेतले बरोबर उत्तर, एकदा खूण मिळाली की संपले. तसे नाही. सम्यक् म्हणजे नीट, यथायोग्य, पूर्ण. त्याच्या उलट डावा नाही; त्याच्या उलट ‘मिच्छा’, म्हणजे मिथ्या. सम्यक् दृष्टी, सम्यक् संकल्प, सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त, सम्यक् आजीविका, सम्यक् व्यायाम, सम्यक् स्मृती आणि सम्यक् समाधी अशी आठ अंगे आहेत. ती ओळीने पाठ करून भागत नाही. दृष्टी सम्यक् आणि आजीविका मिथ्या, असा मार्ग होत नाही. शस्त्रे, माणसे व प्राणी, मांस, दारू आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे भगवंतांनी सांगितले. तेव्हा विहाराला देणगी देणाऱ्याने ती गुत्त्याच्या पैशातून दिली, तर ती धम्माच्या हिशेबात कोठे मांडायची, ते आपणच ठरवा.

आपण नवीन बौद्ध कुटुंबे येथेच एक चूक करतो. जुने विधी सोडले आणि नवे धरले, की धम्म झाला असे समजतो. सत्यनारायण गेला, वंदना आली. वंदना हवीच. पण वंदनाही न समजता केली तर ती नुसती रीत होते. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम योग्य असू शकतो, पण नियम म्हणून केलेली कृती यांत्रिक असते. तत्त्व धरून केलेली कृती माणूस जाणून करतो आणि तिची जबाबदारी घेतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. माझ्या वडिलांचा अंत्यविधी नियमाप्रमाणे झाला होता. तत्त्वाची परीक्षा हक्कसोडपत्राच्या वेळी आली, आणि तेथे मी जवळजवळ नापास झालो.

मग हक्क आणि सम्यक् यांचे नाते काय? बाबासाहेबांनी ते १९४३ मध्येच उकलून ठेवले आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की हक्कांचे खरे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सद्सद्विवेकबुद्धी करते. ती नसेल तर कायदा, कोर्ट, कायदेमंडळ हक्क राखू शकत नाहीत. हे म्हणणारे बाबासाहेबच पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्यांनी मूलभूत हक्क दिले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली, अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचे स्वातंत्र्य दिले, आणि हक्क तुडवला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोय अनुच्छेद ३२ ने केली. या शेवटच्या कलमाला त्यांनी संविधान सभेत संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले.

पण ते तेथे थांबले नाहीत. २६ जानेवारी १९५० ला हक्क अमलात आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला. हक्क राखणारी सद्सद्विवेकबुद्धी कायद्याच्या पुस्तकातून येत नाही, ती घडवावी लागते, आणि ती घडवण्याचा मार्ग म्हणून अकरावी प्रतिज्ञा आहे, अष्टांग मार्गाची. इंग्रजीत ज्याला एकच शब्द आहे, त्याची दोन्ही अंगे बाबासाहेबांनी आपल्या ओंजळीत घातली. आपण एक घेऊन दुसरे खाली ठेवतो, तेथे घात होतो. नुसता हक्क धरला तर माणूस बाहेर मागणारा आणि घरात नाकारणारा होतो. नुसते सम्यक् सम्यक् म्हणत बसले आणि हक्क सोडला, तर अन्याय करणाराचे फावते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला उत्तर दिले. तिला म्हणालो, “बाळ, तुझा प्रश्न खरा आहे. हक्क म्हटले म्हणून ते बरोबर असतेच असे नाही. पण आपल्या भाषेतले शब्द बघ. ‘हक्क’ हा मूळ अरबी शब्द, आणि अरबीत त्याचा अर्थ सत्य असाही आहे. ‘बरोबर’ हा फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ समान. म्हणून तर आपण ‘बरोबरी’ म्हणतो. ज्यात बरोबरी नाही ते बरोबर नाही. हे माप लाव, आणि मग कोणाचा हक्क खरा ते तूच ठरव.” तिने ते वहीत लिहून घेतले.

धम्मबंधूंनो, येत्या पौर्णिमेला घरी वंदना झाली की पाच मिनिटे सर्वांनी तसेच बसावे. ‘उजुपटिपन्नो’ हा शब्द मुलांना समजावून सांगावा. आणि घरातल्या कर्त्याने मोठ्याने विचारावे: या घरात मी कोणाला डावलले आहे? बायकोच्या कमाईवर, मुलीच्या शिक्षणावर, बहिणीच्या वाट्यावर, म्हाताऱ्या आईच्या शब्दावर मी कोणती वहिवाट सांगतो आहे? उत्तर द्यायला घाई करू नये. घरातल्या बायकांना आधी बोलू द्यावे. आणि पेटीत एखादे हक्कसोडपत्र सहीसाठी ठेवलेले असेल, तर ते त्याच रात्री बाहेर काढावे.

जयभीम! नमो बुद्धाय!